औषधी अळंबी: तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता ते प्रश्न

कॅप्सूलच्या डबीचा फोटो आणि खाली ‘ही घेऊ का?’ असा निरोप मला आठवड्यातून एकदा तरी येतो. डबीवर बहुतेक वेळा रेशी असते, कधी कीडाजडी. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी एक सांगतो: मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि काही वर्षं धिंगरीची (ऑयस्टर मशरूमची) शेड चालवली, एवढंच. चालू असलेलं औषध इथलं वाचून कमी-जास्त करू नका. प्रश्नांना क्रमांक दिलेत. जिथे उत्तर दुसरीकडे आलंय तिथे तो क्रमांक सांगितला आहे.

१. औषधी अळंबी म्हणजे नेमकं काय? बाजारातलं बटण मशरूम त्यात येतं का?

‘औषधी’ हा शास्त्रातला गट नाही, बोलण्यातला आहे. चीन, जपान, कोरिया आणि रशियाच्या लोकवैद्यकात वापरल्या जाणाऱ्या काही अळंब्यांना हे नाव पडलंय. रेशी (चिनी नाव लिंग्झी), शिताके, टर्की टेल, लायन्स मेन, कॉर्डिसेप्स म्हणजे आपली कीडाजडी, आणि चागा या त्यातल्या ठळक. शिताके आणि लायन्स मेन ताटात वाढण्याजोग्या आहेत. रेशी आणि चागा लाकडासारख्या, दात लागणार नाहीत अशा. त्यांचा काढा किंवा अर्कच घ्यावा लागतो.

बटण आणि धिंगरी ही अन्नाची अळंबी. पण सीमारेषा पुसट आहे, ते प्रश्न ७ आणि १६ मध्ये दिसेल. आणि हा नाद फक्त पूर्वेकडचा नाही. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ नावाच्या माणसाच्या सामानातही बर्च झाडावरच्या अळंबीचे तुकडे चामड्याच्या पट्टीत ओवलेले मिळाले. ते औषध म्हणून होते असा बऱ्याच अभ्यासकांचा कयास आहे. विचारायला तो उरलेला नाही.

२. त्यांच्यात असं काय असतं?

मुख्य तीन गोष्टी. पहिली बीटा-ग्लुकन, म्हणजे अळंबीच्या पेशीभिंतीतली लांबलचक साखळीची शर्करा. ती गोड नसते आणि पचतही नाही. दुसरी ट्रायटर्पिनॉइड्स; रेशीचा कडवटपणा यांचाच. तिसरी अर्गोथायोनिन, पेशींची झीज रोखणाऱ्या गटातलं एक अमिनो आम्ल, जे आपल्या शरीरात बनत नाही, अन्नातूनच येतं. अळंबी हा त्याचा सगळ्यात मोठा स्रोत.

बीटा-ग्लुकन गरम पाण्यात उतरतं, ट्रायटर्पिनॉइड्स अल्कोहोलमध्ये. एवढं लक्षात ठेवा, प्रश्न ११ मध्ये कामी येईल.

३. ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ हे खरं का?

अर्धं खरं. बुरशी हा माणसाचा जुना शत्रू, त्यामुळे आपल्या पांढऱ्या पेशींवर बीटा-ग्लुकन ओळखणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. अर्क दिला की या पेशी खडबडून जाग्या होतात, आणि हे प्रयोगशाळेत मोजता येतं. पण पेशी जाग्या झाल्या म्हणजे तुमची सर्दी टळली असं नव्हे. त्या दोहोंमधलं अंतर मोठं आहे आणि जाहिरात ते एका उडीत पार करते.

शिवाय ‘वाढवणं’ नेहमी चांगलं असतं हे कुणी ठरवलं? संधिवातात किंवा सोरायसिसमध्ये प्रतिकारशक्ती आधीच नको तिथे वाढलेली असते. (प्रश्न १४ पाहा.)

कुठलाही दावा वाचला की मी चार गोष्टी शोधतो: अळंबीची जात कोणती, तिचा कोणता भाग, किती प्रमाणात, आणि तपासलं कुणावर. काचेच्या बशीत, उंदरावर की माणसावर? चौथ्या प्रश्नाशी बहुतेक दावे गळून पडतात.

४. आयुर्वेदात अळंबीचा उल्लेख आहे ना? मग शंका कशाला?

आहे, पण ज्या कारणासाठी तुम्ही शोधताय त्यासाठी नाही. चरकसंहितेत सूत्रस्थानातल्या शाकवर्गात छत्रकांचा उल्लेख येतो. सर्पच्छत्रक सोडून बाकीची छत्रकं थंड, गोड, पचायला जड आणि पीनस, म्हणजे सर्दी-पडसं करणारी, असं तिथे म्हटलंय. म्हणजे अळंबी भाज्यांच्या यादीत आहे आणि तीही फारशी कौतुकाने नव्हे. रेशीच्या डबीवर ‘प्राचीन आयुर्वेदिक रसायन’ लिहिलेलं दिसलं तर तो चिनी परंपरेला नेसवलेला धोतर-उपरण्याचा वेश समजा.

आपल्याकडची खरी परंपरा वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. कोकणात आणि घाटात फणसाच्या खोडावर उगवणारी, खुरासारखी, लाकडी, तपकिरी अळंबी फणसांबा नावाने ओळखली जाते. शास्त्रीय भाषेत ती फेलिनस गटातली. ती उगाळून लहान मुलांच्या हिरड्यांना लावायची, लाळ फार गळत असेल किंवा तोंड आलं असेल तर, हा लोकवैद्यकातला उपाय. याच फेलिनस गटातल्या जाती कोरियात आणि चीनमध्येही औषधात वापरतात. फणसांब्यावर माणसांतल्या चाचण्या म्हणाव्या तशा झालेल्या नाहीत, म्हणून ‘गुणकारी आहे’ असं मी लिहिणार नाही. पण सातासमुद्रापारच्या चागासाठी पैसे मोजताना निदान शेजारचं नाव तरी माहीत असावं.

५. कर्करोगावर रेशी चालते का? नातेवाईक आग्रह करताहेत.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि घाईत येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

जपानमध्ये अळंबीपासून काढलेली दोन द्रव्यं कर्करोगाच्या उपचारात अधिकृतपणे आली. टर्की टेलपासूनचं पीएसके, ज्याला १९७७ मध्ये मान्यता मिळाली, आणि शिताकेपासूनचं लेंटिनान, ज्याला १९८५ मध्ये. ऐकायला भारदस्त वाटतं. पण तपशील बघा. दोन्ही शुद्ध केलेली, मोजून दिलेली द्रव्यं होती. लेंटिनान तर इंजेक्शनने द्यायचं. आणि दोन्ही केमोथेरपीच्या जोडीला होती, तिच्याऐवजी नाही. दुकानातली शिताके पावडर आणि रुग्णालयातलं लेंटिनान यांचं नातं ऊस आणि सलाइनमधल्या ग्लुकोजइतकंच.

रेशीबद्दल कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या. निकषांत बसल्या पाच, त्यांत सगळे मिळून ३७३ रुग्ण. केमो किंवा रेडिएशनबरोबर रेशी घेतलेल्यांत उपचाराला प्रतिसाद थोडा जास्त दिसला, जगण्याची गुणवत्ताही थोडी बरी वाटली. एकट्या रेशीने गाठ कमी झाली असं दिसलं नाही. आयुष्य वाढतं का, हे त्या चाचण्यांतून सांगता येत नाही, आणि त्यांचा दर्जाही बेताचाच होता. पहिला उपचार म्हणून रेशी वापरायला आधार नाही, हा त्यांचा निष्कर्ष.

तेव्हा नातेवाइकांना दोन वाक्यांत सांगायचं असेल तर: केमो सोडून अळंबी, हे कदापि नाही. केमोबरोबर अळंबी घ्यायचीच असेल तर डबी घेऊन कर्करोगतज्ज्ञांकडे जा, लपवून घेऊ नका. काही अर्क केमोच्या औषधांच्या कामात लुडबूड करू शकतात.

आणखी एक. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचारांच्या जाहिरातींविषयीच्या कायद्याने कर्करोग, मधुमेह अशा आजारांवर ‘बरे करतो’ अशी जाहिरात करायला भारतात बंदी आहे. म्हणून हे दावे छापील पत्रकावर नसतात. ते चहाच्या कपाबरोबर तोंडी येतात.

६. शुगर कमी होते का?

ऑस्ट्रेलियात मधुमेह आणि चयापचयाच्या इतर तक्रारी असलेल्या ८४ जणांवर रोज ३ ग्रॅम रेशी १६ आठवडे देऊन पाहिली. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरमध्येही फरक नाही, उपाशीपोटीच्या शुगरमध्येही नाही. ही नीट आखलेली, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी आहे, म्हणून तिच्यावर माझा भरवसा जास्त.

जेवणातली अळंबी मात्र मधुमेहींसाठी चांगली भाजी आहे. १०० ग्रॅम ताज्या बटण मशरूममध्ये नव्वद टक्क्यांवर पाणी, उष्मांक जेमतेम बावीस आणि प्रथिनं सुमारे ३ ग्रॅम. अट एकच, ती लोण्यात आणि क्रीममध्ये पोहत नसावी.

७. धिंगरीत कोलेस्टेरॉलचं औषध असतं म्हणतात. मग गोळी बंद करू?

नका करू. गोष्ट मात्र गमतीची आहे. १९७० च्या दशकात जपानच्या अकिरा एन्दो यांनी एका पेनिसिलियम बुरशीतून पहिलं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, शोधलं. पुढे दुसऱ्या बुरशीपासून मिळालेलं लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून बाजारात आलं. हेच लोव्हास्टॅटिन धिंगरीतही सापडतं. पण किती, हे जात, भुसा, तोडणीची वेळ अशा सगळ्यांवर ठरतं. भाजीच्या वाटीतून किती मिलिग्रॅम गेलं, ते कुणीच सांगू शकत नाही. गोळीत ते ठरलेलं असतं, गोळीचा फायदा तोच.

उलट बाजूने येणारा प्रश्न: गोळी चालू असताना धिंगरीची भाजी चालते का? खुशाल खा.

८. लायन्स मेनने स्मरणशक्ती वाढते? मुलगा बारावीला आहे.

लायन्स मेन म्हणजे पांढऱ्याशुभ्र लोंबत्या काट्यांचा गोळा, आयाळीसारखा. तिच्यातली हेरिसिनोन आणि एरिनासिन ही द्रव्यं चेतापेशींच्या वाढीला चालना देतात, असं काचेच्या बशीत आणि उंदरांत दिसलंय. माणसांवरची सगळ्यात जास्त सांगितली जाणारी चाचणी जपानमधली, २००९ ची. सौम्य विस्मरण असलेले ५० ते ८० वयाचे ३० जण, १६ आठवडे. घेणाऱ्यांचे गुण सुधारले, आणि थांबवल्यावर चार आठवड्यांत पुन्हा खाली आले.

तीस माणसं. तीही आजोबा-आजीच्या वयाची. त्यावरून सतरा वर्षांच्या निरोगी मुलाच्या भौतिकशास्त्राच्या गुणांबद्दल काहीही सिद्ध होत नाही. त्याला झोपू द्या.

९. कीडाजडी एवढी महाग का? आणि ती शाकाहारी आहे का?

हिमालयात तीन ते पाच हजार मीटर उंचीवर एका पतंगाची अळी जमिनीखाली मुळं कुरतडत राहते. ओफिओकॉर्डिसेप्स सायनेन्सिस ही बुरशी तिच्या शरीरात शिरते, तिला आतून खाऊन टाकते आणि बर्फ वितळू लागलं की अळीच्या डोक्यातून काडीसारखा कोंब जमिनीवर काढते. उत्तराखंडात पिथौरागड आणि चमोलीच्या वरच्या गावांतली माणसं उन्हाळ्याच्या तोंडाला गवतात पालथी पडून हे कोंब शोधतात. एक कोंब, एक अळी. किलोचा भाव लाखांत का जातो ते यावरून कळावं. ओरबाडून ओरबाडून ही जात इतकी कमी झाली की २०२० मध्ये निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत तिची नोंद ‘असुरक्षित’ म्हणून झाली.

म्हणजे अस्सल कीडाजडी शाकाहारी नाही. कोंबाबरोबर मेलेली अळी येतेच. पण तुम्हाला कॅप्सूलमध्ये मिळते ती बहुधा दुसरी जात, कॉर्डिसेप्स मिलिटारिस. ही नारिंगी रंगाची, बरण्यांत बहुतेक वेळा तांदळावर वाढवतात. काही ठिकाणी रेशमाच्या कोषातल्या किड्यावरही वाढवतात, म्हणून कटाक्ष असेल तर ‘कशावर वाढवली?’ असं विचारून घ्या. कॉर्डिसेपिन हे द्रव्य मिलिटारिसमध्येच भरपूर असतं, त्यामुळे स्वस्त म्हणजे नकली असं इथे नाही. नकली तेव्हा, जेव्हा मिलिटारिस विकून फोटो हिमालयाचा लावतात.

दम वाढतो का? ही ख्याती १९९३ ची. त्या वर्षी चिनी महिला धावपटूंनी एकामागून एक विक्रम मोडले आणि प्रशिक्षक मा जुनरेन यांनी श्रेय दिलं कासवाच्या रक्ताला आणि कीडाजडीला. पुढे २००० च्या सिडनी ऑलिंपिकआधी त्यांच्याच सहा धावपटूंना रक्तचाचण्यांनंतर चीनने संघातून वगळलं. कीडाजडी विकणारे गोष्टीचा पूर्वार्धच सांगतात. माणसांवरच्या छोट्या चाचण्यांचे निकाल कधी ‘थोडा फरक’, कधी ‘काहीच नाही’ असे हेलकावे खातात. शिवाय २०१६ मध्ये चीनच्याच अन्न-औषध प्रशासनाने रानातल्या कीडाजडीच्या उत्पादनांत आर्सेनिकचं प्रमाण जास्त असल्याचा इशारा दिला होता.

१०. चागाचा चहा रोज घेतला तर?

चागा थंड प्रदेशातल्या बर्चवर, म्हणजे आपल्या भूर्जपत्राच्या भाऊबंदांवर वाढते. दिसते जळक्या कोळशासारखी. तिच्यात ऑक्झलेट, म्हणजे मूत्रपिंडात साठून खडे करू शकणारं द्रव्य, फार असतं. जपानमध्ये यकृताच्या कर्करोगासाठी ७२ वर्षांच्या एका बाईंनी सहा महिने रोज चार-पाच चमचे चागा पावडर घेतली आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २०१४ मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली. मुतखडा झालेला असेल किंवा क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर चागाला हातही लावू नका.

११. पावडर घ्यावी, अर्क की मायसेलियम? अस्सल कसं ओळखू?

अळंबीची पेशीभिंत कायटिनची, झिंग्याच्या कवचात असतं त्याच द्रव्याची. नुसती वाळवून दळली तर आतलं बरंचसं तसंच पोटातून पुढे जातं. म्हणून गरम पाण्यातला अर्क बरा, आणि रेशीसारखीसाठी पाणी आणि अल्कोहोल दोन्हींतला.

मायसेलियम म्हणजे अळंबीचं जाळं. हे बहुधा गहू, तांदूळ, ओट अशा धान्यावर वाढवतात आणि धान्यासकट वाळवून दळतात. धान्य वेगळं काढता येत नाही, त्यामुळे डबीत पिठाचा वाटा मोठा असतो. मी बियाणं म्हणजे स्पॉन गव्हावरच करत असे. त्या पिशव्या दळून कुणाला औषध म्हणून विकायचं माझ्या डोक्यात कधी आलं नाही, ही माझी व्यावसायिक चूक असावी.

लेबलवर बघायचं ते असं. जातीचं पूर्ण शास्त्रीय नाव. फळ, म्हणजे वर उगवलेली अळंबी, वापरलंय की मायसेलियम. बीटा-ग्लुकन किती टक्के. नुसतं ‘पॉलिसॅकराइड ४० टक्के’ लिहिलं असेल तर त्यात पिठूळ स्टार्चही मोजला गेलेला असू शकतो. जड धातूंची तपासणी. आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक. हा परवाना अन्नाचा आहे, गुण आल्याचं प्रमाणपत्र नव्हे. डबी फिरवून बघा, अशा पूरक पदार्थांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ छापावीच लागते.

हे सगळं पाहूनही खात्री नाहीच. अमेरिकेतल्या बाजारातून गोळा केलेल्या रेशीच्या १९ उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांतली फक्त ५ लेबलप्रमाणे निघाली.

१२. ओळखीचे एक जण साखळी पद्धतीने ‘गॅनो’ कॉफी विकतात. जुलाब झाले तर म्हणतात विष बाहेर पडतंय.

‘गॅनो’ म्हणजे गॅनोडर्मा, म्हणजे रेशीच. कॉफीच्या पुडीत ती किती हे बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं. उरते ती साखर, दुधाची भुकटी आणि कॉफी, म्हणजे तरतरी कशाने आली ते उघड आहे.

‘विष बाहेर पडतंय’ हे वाक्य फार सोयीचं आहे. बरं वाटलं तर गुण, त्रास झाला तरी गुण. माझ्या घरातही एका वडीलधाऱ्यांना पुरळ उठलं आणि विकणाऱ्याने मात्रा दुप्पट करायला सांगितली. पुरळ, जुलाब, चक्कर, नाकातून रक्त यांना दुष्परिणाम म्हणतात. थांबवायचं आणि दाखवायचं. विकणारे मामा असोत की व्याही, हे मोकळेपणाने सांगायला हरकत नसावी. नातं एका पुडीपेक्षा मोठं असतं.

१३. रोजची मात्रा किती?

सर्वमान्य मात्रा नाही. चाचण्यांत रेशी किंवा लायन्स मेनची पावडर दिवसाला ३ ग्रॅमच्या आसपास दिलेली दिसते, पण अर्क किती पट घट्ट आहे त्यावर सगळं बदलतं. मात्रा सांगताना जो अर्काचं प्रमाण विचारत नाही त्याचं ऐकू नका.

१४. कुणी घेऊच नये?

भाजीतल्या अळंबीला हे लागू नाही, कॅप्सूल आणि अर्कांना आहे.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, म्हणजे वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रोजची अ‍ॅस्पिरिन, तर रेशी टाळा. रक्तस्राव वाढण्याची शक्यता असते. शस्त्रक्रिया किंवा दात काढणं ठरलं असेल तर निदान दोन आठवडे आधी बंद करा आणि डॉक्टरांना सांगा. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्यांबरोबर साखर अचानक उतरली तर ती कशामुळे उतरली हेच कळणार नाही. गर्भारपणात आणि अंगावर पाजताना घेऊ नका, तिथे पुरेशा चाचण्याच नाहीत.

सगळ्यात कडक मनाई मूत्रपिंड किंवा यकृत प्रत्यारोपण झालेल्यांना. त्यांची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते, आणि ती दाबणारं सायक्लोस्पोरिन हे औषधसुद्धा एका बुरशीपासूनच आलंय. नॉर्वेतल्या मातीत सापडलेल्या त्या बुरशीची दुसरी अवस्था भुंगेऱ्याच्या अळीवर उगवते, आणि ती कॉर्डिसेप्सच्या कुळातली आहे. म्हणजे एकाच घराण्यातला एक प्रतिकारशक्ती झोपवतो आणि दुसरा तिला उठवतो म्हणून विकला जातो. ‘अळंबी प्रतिकारशक्तीला चांगली’ हे वाक्य किती पोकळ आहे ते यावरून कळेल. संधिवात, ल्युपस, सोरायसिस असणाऱ्यांनीही तज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

१५. नैसर्गिकच आहे, यकृताला काय होणार?

हाँगकाँग आणि थायलंडमधून रेशीची पावडर घेतल्यानंतर यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत, त्यातला एक रुग्ण दगावला. विरळा आहे, पण आहे. भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी तपासणी.

१६. शाकाहारी माणसाला ‘ड’ आणि ‘बी-१२’ अळंबीतून मिळतं का?

‘ड’ मिळू शकतं, आणि या पानावरची सगळ्यात स्वस्त युक्ती हीच. अळंबीत अर्गोस्टेरॉल असतं, उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचं ड-२ जीवनसत्त्व होतं. शेडमध्ये किंवा खोलीत वाढलेल्या अळंबीने ऊन पाहिलेलंच नसतं. म्हणून बटण किंवा धिंगरीच्या चकत्या करा, ताटात पसरा आणि भर दुपारच्या उन्हात अर्धा-पाऊण तास ठेवा. काचेआड नको, गच्चीतच. १०० ग्रॅम अळंबीत १० मायक्रोग्रॅमच्या आसपास ‘ड’ तयार होऊ शकतं. शिजवल्यावरही बरंचसं टिकतं. तपासणीत ‘ड’ फारच कमी आलं असेल तर मात्र डॉक्टरांनी दिलेलंच घ्या. ड-२ हे ड-३ पेक्षा थोडं कमी असरदार असतं.

‘बी-१२’ साठी अळंबीवर विसंबू नका. असलं तर नावापुरतं.

१७. उपासाला चालते का?

आरोग्याचा प्रश्न नाही, रिवाजाचा आहे. बहुतेक घरांत चालत नाही. जैन मंडळी एरवीही खात नाहीत.

१८. शिताके खाल्ल्यावर पाठीवर चाबकाचे वळ उठावेत तसं झालं. अ‍ॅलर्जी का?

हा प्रकार पुष्कळ डॉक्टरांनीही पाहिलेला नसतो, म्हणून फोटो दाखवताना ‘शिताके खाल्ली होती’ हे आठवणीने सांगा. कच्ची किंवा अर्धकच्ची शिताके खाल्ल्यावर एक-दोन दिवसांत काही जणांच्या अंगावर लांब, समांतर, खाजरे लाल वळ उठतात. कारण लेंटिनान, तेच प्रश्न ५ मधलं. जपानमध्ये १९७७ मध्ये याचं पहिल्यांदा वर्णन झालं. एक-दोन आठवड्यांत आपोआप जातं. लेंटिनान उष्णतेने बिघडतं, म्हणून पूर्ण शिजवलेल्या शिताकेने सहसा असं होत नाही. एकूणच कुठलीही अळंबी कच्ची खाऊ नये. सॅलडमध्ये पसरलेल्या कच्च्या बटण मशरूमचं कौतुक मला कधी कळलं नाही.

१९. पावसाळ्यात रानात उगवणारी जास्त गुणकारी असते म्हणतात. तोडून खाऊ?

कोकणात आणि गोव्यात पहिल्या पावसानंतर वारुळांवर येणारी अळंबी, गोव्यातली अळमी, ही टर्मिटोमायसिस. वाळवीच तिची शेती करते. माणसाला ती अजून बंदिस्त शेडमध्ये पिकवता आलेली नाही, म्हणून चव आणि भाव दोन्ही चढे. चवीबद्दल वाद नाही. पण ती ओळखणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तीच जागा, तीच वेळ, तेच मूळ बघून ओळखतात. मोबाइलमधल्या अ‍ॅपवर विसंबून कुणी रानात जाऊ नका.

चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण निळी होते, किड्यांनी खाल्लेली असेल तर विषारी नसते: या तिन्ही कसोट्या खोट्या आहेत. हिरवळीवर, मैदानात उगवणारी मोठी पांढरी छत्री, जिच्या खालच्या पाकळ्या पुढे हिरवट होतात, ती क्लोरोफायलम; खाल्ली तर काही तासांत उलट्या-जुलाब. अमानिटा गटातल्या जीवघेण्या अळंब्यांचं विष शिजवूनही जात नाही. त्यांचा त्रास सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतो, मधे एखादा दिवस बरं वाटतं आणि तेवढ्यात यकृत गेलेलं असतं. शंका आली तर उरलेली भाजी आणि कच्चा तुकडा बरोबर घेऊन थेट मोठं रुग्णालय गाठा.

आणि हो, ‘जादूच्या’ अळंबीबद्दल विचारणाऱ्यांसाठी: सायलोसायबिन हा १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली येणारा पदार्थ आहे. त्यावर इथे उत्तर मिळणार नाही.

२०. आमच्या सोसायटीतल्या गुलमोहराच्या बुंध्याला तांबूस, चकचकीत, पंख्यासारखी अळंबी आली आहे. रेशीच ना? काढा करू?

गॅनोडर्मा असण्याची शक्यता दाट आहे. रेशी असेलच असं नाही. या गटात कितीतरी जाती आहेत आणि डोळ्यांनी फरक करणं भल्याभल्यांना जमत नाही. पूर्व आशियात औषधासाठी लावली जाणारी जात, जिला गॅनोडर्मा लुसिडम म्हणत आले, ती लुसिडम नव्हे, वेगळीच आहे, हे शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये मांडलं आणि तिला लिंग्झी हे स्वतंत्र नाव दिलं. शिवाय अळंबी स्पंजसारखे जड धातू शोषते, रस्त्याकडेच्या झाडावरची तर नकोच.

काढ्यापेक्षा झाडाची काळजी करा. बुंध्यावर गॅनोडर्मा दिसली याचा अर्थ आतलं लाकूड आणि मुळं कुजायला लागली आहेत. अळंबी खुडून उपयोग नाही, रोग आत आहे. वादळी पावसात अशी झाडं मुळासकट उलथतात. महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवा आणि तोवर त्याखाली गाड्या लावू नका.

२१. घरामागे धिंगरीची शेड टाकली. खायला छान, पण संध्याकाळी ताप आणि कोरडा खोकला येतो. ‘औषधी’ अळंबीने असं कसं?

अळंबीने नव्हे, तिच्या बीजाणूंनी. धिंगरी पक्व झाली की बीजाणूंचा पांढरा धूर सोडते. तो रोज छातीत गेला की काहींच्या फुप्फुसांना सूज येते. शेडमधून आल्यावर चार-सहा तासांनी थंडी, ताप, खोकला, आणि दोन दिवस शेडकडे फिरकलं नाही की बरं. फ्लू समजून वर्षानुवर्षं दुर्लक्ष होतं आणि फुप्फुसं कायमची कडक होऊ शकतात. डॉक्टरांना ‘मी अळंबी लावतो’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

तोडणी छत्रीच्या कडा सपाट व्हायच्या आधी करा, म्हणजे बीजाणू कमी उडतात आणि मालही जास्त टिकतो. तोडणीआधी फवारा मारून हवा ओली करा. बाहेर हवा फेकणारा पंखा बसवा. मास्क एन-९५ चाच, रुमाल नाही. मी पहिली दोन वर्षं रुमाल बांधून काढली.